दहा बाय दहाच्या दहा लाख खोल्या

सप्टेंबरमधल्या एका सकाळी बोरिवलीहून ताईचा फोन आला. "आमचे सातही तलाव भरले रे! साडेचौदा लाख दशलक्ष लिटर पाणी झालंय. तुमचं पुण्याचं काय?" समोरच्या पेपरात आकडा होताच. मी वाचून दाखवला, "खडकवासला साखळीत एकोणतीस टीएमसी." फोनवर दोन्हीकडे शांतता. मग ताईने सरळ प्रश्न विचारला, "म्हणजे जास्त कुणाकडे?"

मला पटकन सांगता आलं नाही. साडेचौदा लाख मोठे की एकोणतीस? दशलक्ष मोठं की टीएमसी? ताई बँकेतून निवृत्त झालेली, मी आयुष्यभर आकड्यांत वावरलेला, आणि रोज पितो त्या पाण्याची तुलना आम्हाला करता येईना.

आपल्या राज्यात पाणी किती भाषा बोलतं बघा. पाऊस मिलिमीटरमध्ये पडतो. धरणात गेला की त्याचा टीएमसी होतो. दरवाजे उघडले की तेच पाणी क्युसेकमध्ये वाहतं. मुंबईच्या जलवाहिनीत शिरलं की दशलक्ष लिटर, दुष्काळी गावाच्या वेशीवर पोचलं की दहा हजार लिटरचा टँकर, आणि शेवटी डोक्यावर येतं ते हंडाभर. पाणी एकच, पण प्रत्येक मुक्कामाला त्याचं नाव बदलतं आणि आपला हिशोब तुटतो. हा हिशोब पुन्हा जोडायला एक किल्ली पुरते, आणि ती आपण सगळे पाचवी-सहावीत शिकलेलो असतो.

दहा सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच डबी घ्या. तिच्यात मावतं ते एक लिटर. पाणी भरलंत तर वजन एक किलो. एक मीटर लांबी-रुंदी-उंचीची टाकी घेतली तर तिच्यात अशा हजार डब्या बसतात, म्हणजे एक घनमीटर, हजार लिटर, आणि पाण्याने भरली तर एक टन. उलट दिशेने लहान होत गेलं की एक सेंटिमीटरचा चिमुकला घन उरतो. तोच एक मिलिलिटर, तोच डॉक्टरांच्या सिरिंजवरचा आणि मोटारसायकलच्या इंजिनाचा 'सीसी', आणि पाण्याचा असेल तर वजन बरोबर एक ग्रॅम.

हे योगायोगाने जमलेलं नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर ७ एप्रिल १७९५ रोजी मापांचा कायदा झाला. त्यात ग्रॅमची व्याख्याच अशी केली होती, की मीटरच्या शंभराव्या भागाचा घन करायचा, त्यात बर्फ वितळण्याच्या तापमानाचं शुद्ध पाणी भरायचं, आणि त्या पाण्याचं वजन म्हणजे एक ग्रॅम. लांबीतून आकारमान काढलं आणि आकारमानातून वजन, मध्ये दुवा पाण्याचा. कुठल्याही राजाच्या हाताची लांबी नको की कुठल्या पेठेतला शेर नको. माणसाने केलेल्या सर्वांत उदार कामांपैकी हे एक आहे असं मी मानतो. भारतात १९५६ साली कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजनं बाजारात यायला लागली.

शाळेत मात्र आपण 'किलो, हेक्टो, डेका' अशी शिडी पाठ करतो, आणि घनाचा खरा धक्का तिथे कळतच नाही. एक मीटर म्हणजे शंभर सेंटिमीटर, पण एक घनमीटर म्हणजे शंभर घनसेंटिमीटर नव्हे, दहा लाख! लांबी शंभरपट झाली की आकारमान शंभर गुणिले शंभर गुणिले शंभर होतं. हे डोळ्यांसमोर आणायला एक गळका नळ घेऊ. सेकंदाला बरोबर एक सीसी पाणी गळतंय. चहाचा चमचा पाच सेकंदांत भरेल. लिटरची बाटली भरायला सतरा मिनिटं लागतील. एक घनमीटरची टाकी साडेअकरा दिवस घेईल. आणि एक घनकिलोमीटर? त्याला तीन कोटी सतरा लाख वर्षं.

कोयनेच्या शिवसागर जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, म्हणजे जवळजवळ तीन घनकिलोमीटर. आपला गळका नळ तो भरायला सुमारे साडेनऊ कोटी वर्षं घेईल. ज्या काळ्या कातळावर ते धरण उभं आहे, तो सह्याद्रीचा कातळ लाव्हा होऊन वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षं झाली. म्हणजे आज कोयना भरलेली हवी असेल तर सह्याद्रीचा दगड जन्माला येण्याआधीच नळ सुरू करायला हवा होता. आणि हीच कोयना चांगल्या पावसाळ्यात तीन-चार महिन्यांत भरते. कारण तिच्या डोंगराळ पाणलोट क्षेत्राचा पसारा सुमारे नऊशे चौरस किलोमीटरचा आणि पाऊस काही ठिकाणी पाच हजार मिलिमीटरपर्यंतचा. सगळ्या पाणलोटावर तेवढा पडला असं धरलं तर साडेचार घनकिलोमीटर पाणी होतं.

आता टीएमसी. थाउजंड मिलियन क्युबिक फीट, म्हणजे शंभर कोटी घनफूट. इंग्रजांच्या काळातलं हे फूट-मोजमाप धरणांच्या कागदपत्रांत अजून टिकून आहे. एका घनफुटात २८.३ लिटर मावतात, म्हणून एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर, म्हणजेच २ कोटी ८३ लाख टन पाणी. हे वाचून कुणाच्याही डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, माझ्याही राहत नव्हतं. मग मला दहा बाय दहाची खोली आठवली.

चाळीतली खोली आपल्याला पायांनी माहीत असते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, उंचीही दहा फूट धरू. ही झाली हजार घनफूट. ती जमिनीपासून छतापर्यंत पाण्याने भरली तर आत २८ टन पाणी असेल. (रिकामी आहे असं आपण म्हणतो तेव्हाही तिच्यात सुमारे चौतीस किलो हवा असतेच.) शंभर कोटीला हजाराने भागलं की उत्तर येतं दहा लाख. म्हणजे एक टीएमसी म्हणजे दहा बाय दहाच्या दहा लाख खोल्या, छतापर्यंत भरलेल्या. हे एकदा मनात बसलं की पेपरातलं धरणांचं कोष्टक वाचताना आकड्यांना भिंती आणि छत दिसायला लागतं.

मग ताईच्या प्रश्नाचं उत्तर सोपं झालं. मुंबईचे सात तलाव, म्हणजे अप्पर वैतरणा, मोडकसागर, तानसा, मध्य वैतरणा, भातसा, विहार आणि तुळशी. पूर्ण भरले की १४ लाख ४७ हजार ३६३ दशलक्ष लिटर. एक टीएमसी म्हणजे २८,३१७ दशलक्ष लिटर. भागाकार केला की मुंबईचे एक्कावन्न टीएमसी होतात. पुण्याची चार धरणं, टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला, मिळून २९.१५. ताई जिंकली. पाच कोटी खोल्या विरुद्ध तीन कोटींना थोड्या कमी. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी लागतं. त्या हिशोबाने एक टीएमसी मुंबई सव्वासात दिवसांत संपवते.

एकदा ही खोली हाती लागली की मग थांबवत नाही. मी तिच्यात जग भरून पाहिलं.

देशातलं सगळं दूध घ्या. २०२३-२४ या वर्षात भारतात सुमारे २३ कोटी ९३ लाख टन दूध झालं. दुधाचा लिटर पाण्यापेक्षा किंचित जड, साधारण एक किलो तीस ग्रॅम. लिटर केले की तेवीस हजार कोटींच्या थोडे वर जातात, आणि टीएमसी? ८.२. एकट्या पानशेत धरणाची क्षमता १०.६५ टीएमसी आहे. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतच्या सगळ्या गाई-म्हशींचं वर्षभराचं दूध पानशेतमध्ये ओतलं तरी धरण भरणार नाही.

जग रोज सुमारे दहा कोटी बॅरल खनिज तेल वापरतं. बॅरल म्हणजे १५९ लिटर. वर्षाचा हिशोब २०५ टीएमसीच्या आसपास जातो. कोयना आणि जायकवाडी, ही आपली दोन धरणं मिळून २०८. ज्या तेलासाठी युद्धं होतात, ते साऱ्या पृथ्वीचं वर्षभराचं तेल या दोन जलाशयांत मावेल.

माणसांचंही गणित करून पाहिलं. आठशे कोटी माणसं, लहान मुलं धरून सरासरी पन्नास किलोची, म्हणजे चाळीस कोटी टन. आपल्या शरीराची घनता जवळपास पाण्याइतकीच असते, म्हणूनच आपण नदीत जेमतेम तरंगतो. तेव्हा अख्ख्या मानवजातीचं आकारमान झालं चौदा टीएमसी, खडकवासला साखळीच्या निम्म्याला जेमतेम. हा आकडा मी तीनदा तपासला, कारण खरा वाटेना.

आणि सोनं? माणसाने आजवर खणून काढलेलं सगळं सोनं दोन लाख सोळा हजार टनांच्या घरात आहे. पण सोन्याचा लिटर १९.३ किलोचा. पाण्याची एक लिटरची बाटली सोन्याने भरली तर दहा ग्रॅमच्या हिशोबाने तिच्यात १,९३० तोळे असतील. त्यामुळे टनांत अवाढव्य दिसणारं हे सोनं आकारमानात अगदीच आटोपशीर आहे. चारशे खोल्या. मजल्यावर वीस खोल्या असलेल्या चार मजली चाळी पाच बांधल्या तर इजिप्तच्या राजांपासून आपल्या आजीच्या पाटल्यांपर्यंतचं सगळं सोनं त्यात बसेल. मजला तेवढा टिकायला हवा, कारण प्रत्येक खोलीत साडेपाचशे टन असतील.

आता पावसाकडे येऊ, कारण खरी जादू तिथे आहे. 'आज ४० मिलिमीटर पाऊस झाला' हे ऐकताना पट्टीवरची चार सेंटिमीटर लांबी डोळ्यांसमोर येते आणि आपण बातमी सोडून देतो. पण एक चौरस मीटर फरशीवर एक मिलिमीटर उंचीचं पाणी म्हणजे किती? शंभर सेंटिमीटर गुणिले शंभर गुणिले एक दशांश. हजार सीसी. बरोबर एक लिटर, बरोबर एक किलो. पाऊस मोजायच्या मापातच लिटर आणि किलो लपलेले आहेत. शेतकऱ्यासाठी सांगायचं तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला शंभर लिटर, एकराला चार हजार, हेक्टरला दहा हजार. म्हणजे प्रत्येक मिलिमीटरला हेक्टरमागे एक टँकर. नुसती भुरभुर झाली असं आपण म्हणतो, तेव्हा प्रत्येक हेक्टरवर दोन-तीन टँकर रिते झालेले असतात.

आणि महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार ७१३ चौरस किलोमीटर. साऱ्या राज्यावर सारखा एक मिलिमीटर पाऊस पडला, अंगणातली धूळ बसेल न बसेल एवढाच, तर पाणी किती? तीस कोटी सत्त्याहत्तर लाख टन. १०.८७ टीएमसी. एका मिलिमीटरमध्ये पानशेत भरून वाहील! हेच पाणी दहा हजार लिटरच्या टँकरने आणायचं ठरवलं आणि मिनिटाला एक टँकर याप्रमाणे रात्रंदिवस भरत राहिलं, तर अठ्ठावन्न वर्षं लागतील. टँकरने दुष्काळ हटत नाही हे आपण अनुभवाने म्हणत आलो; आकारमानाचं गणितही तेच सांगतं.

२६ जुलै २००५. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि कुलाब्याला फक्त ७३. तो ९४४ चा आकडा आपण इतक्यांदा ऐकला आहे की तो आता आकडा राहिलेला नाही, नाव झालं आहे. पण किल्ली लावून पाहा. चौरस मीटरला ९४४ लिटर, जवळजवळ एक टन. दहा बाय दहाच्या एकेका खोलीएवढ्या जागेवर पावणेनऊ हजार लिटर. एका चौरस किलोमीटरवर नऊ लाख चव्वेचाळीस हजार टन. अशा चार चौरस किलोमीटरवर पडलेलं पाणी म्हणजे अख्ख्या मुंबईचा एका दिवसाचा पुरवठा. जमीन सपाट असती आणि पाण्याला वाट नसती, तरी ते सगळीकडे कमरेपर्यंत उभं राहिलं असतं. उतारामुळे ते सखल भागांत धावलं आणि तिथे छातीपर्यंत, डोक्यापर्यंत चढलं. ताई त्या रात्री कार्यालयातच अडकली होती. सकाळी ती रुळांवरून चालत घरी आली. तिला मी हा हिशोब सांगितला तेव्हा ती म्हणाली, "टन म्हटल्यावर आता कळलं, गाड्या काडेपेटीसारख्या का तरंगत होत्या ते."

पुराच्या बातम्यांतला क्युसेकही असाच टनांत वाचावा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटरच्या किंचित वर. 'पस्तीस हजार क्युसेक विसर्ग' याचा अर्थ दर सेकंदाला जवळजवळ हजार टन. दहा टनांचे शंभर भरलेले ट्रक एका सेकंदात तुमच्यासमोरून जाणं. पुढच्या सेकंदाला आणखी शंभर. नदीकाठी पाणी बघायला उभं राहणाऱ्या मुलांना आपण क्युसेक सांगतो; शंभर ट्रक सांगायला हवेत.

या वजनाची ताकद कोयनेने दाखवलेली आहे. तीन घनकिलोमीटर पाणी म्हणजे जवळजवळ तीनशे कोटी टन. जगातल्या सगळ्या माणसांच्या वजनाच्या सातपटीहून जास्त, एका दरीत साठवलेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. जलाशयामुळे चेतवल्या गेलेल्या भूकंपांचं ते जगभर अभ्यासलं जाणारं उदाहरण आहे. पाण्याचं ओझं, आणि खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याचा दाब, दोन्हींचा त्यात हात मानला जातो.

आणि वर आकाशातही वजन आहे. कापसासारखा दिसणारा, एक घनकिलोमीटरचा पांढरा ढग घ्या. त्याच्या घनमीटरमागे पाणी जेमतेम अर्धा ग्रॅम, दहा-एक थेंबांएवढं. पण एक घनकिलोमीटर म्हणजे शंभर कोटी घनमीटर, तेव्हा ढगात झाले पाचशे टन. ते खाली पडत नाहीत, कारण त्या पाण्याचे कण अतिसूक्ष्म असतात आणि वर चढणारी हवा त्यांना झेलून धरते.

एक सावधगिरी मात्र हवी. लिटरबरोबर किलो हे नातं पाण्याचं आहे, सगळ्यांचं नाही. आमची आजी हे शाळा न शिकता जाणत होती. तिच्याकडे चिपटं, मापटं, शेर, पायली अशी मापं होती, आणि ती सगळी आकारमानाची. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांचं वजन सारखं नसतं, आणि शीग लावून दिलेली पायली नि बोट फिरवून सपाट केलेली पायली यांतही फरक असतो, हे ती व्यवहाराने शिकली होती. आपण ते विसरलो. किराणा दुकानात 'पंधराचा डबा' मागतो, आणि तो पंधरा किलोचा की पंधरा लिटरचा हे विचारत नाही. खाद्यतेलाचा लिटर साधारण ९१० ग्रॅमचा असतो. म्हणून पंधरा लिटरच्या डब्यात तेल असतं साडेतेरा किलोंच्या थोडं वर. सव्वा किलोंहून जास्त फरक! फसवणूक असेलच असं नाही, माप वेगळं आहे. पण भाव कुठल्या मापाचा, हे गिऱ्हाइकाने पाहायलाच हवं.

त्यात पुन्हा तापमान. तेल तापलं की फुगतं, लिटर तेवढाच दिसतो आणि आत वजन कमी भरतं. सोयाबीन तेलाचा लिटर २१ अंशांना ९१९ ग्रॅम, तर ६० अंशांना ८९२.६. काही पिशव्यांवर साठ अंशांपर्यंतचं तापमान छापलं जात होतं. म्हणून २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने उत्पादकांना सांगितलं, की तापमान न लिहिता लिटर आणि वजन दोन्ही स्पष्ट छापा. पिशवीमागे फरक सव्वीस ग्रॅमचा, भाजीच्या फोडणीएवढा. पण कोटभर पिशव्यांमागे तो २६४ टन होतो.

पाण्याचंही नातं अगदी काटेकोर नाही. ते सर्वांत दाट असतं चार अंशांना; आपल्या तीस अंशांच्या हवेत लिटरभर पाणी चार-एक ग्रॅम हलकं भरतं. १९०१ साली लिटरची व्याख्या 'एक किलो पाण्याचं आकारमान' अशी केली, तेव्हा तो लिटर दहा सेंटिमीटरच्या घनापेक्षा दहा लाखांत अठ्ठावीस भाग मोठा निघाला. १९६४ साली ती व्याख्या रद्द करून लिटर पुन्हा घनाला बांधला. दहा लाखांत अठ्ठावीस म्हणजे बाटलीत अर्धा थेंबच. पण एका टीएमसीत तेच आठ लाख लिटर होतात, ऐंशी टँकर.

ताईला हे सगळं सांगून झाल्यावर तिने विचारलं, "मग आपल्या गावच्या घरावर किती पडतं?" छप्पर हजार चौरस फुटांचं, म्हणजे ९३ चौरस मीटर. पाऊस सातशे मिलिमीटर धरला, तर वर्षाला पासष्ट हजार लिटर, पासष्ट टन. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर हे नियोजनाचं माप धरलं, तर चार जणांच्या घराला चार महिने पुरेल एवढं पाणी त्या छपरावरून आजवर पन्हाळीतून गटारात जात होतं. या पावसाळ्यापूर्वी आम्ही पन्हाळीला पाइप जोडून तो विहिरीकडे वळवणार आहोत. तुम्हीही तुमच्या छपराची लांबी-रुंदी एकदा मीटरमध्ये मोजा आणि गावच्या पावसाच्या मिलिमीटरने गुणा. जे उत्तर येईल ते लिटर.